रायगडाचा कालपट बांधताना: राज्याभिषेक बुधवारी कसा?

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या पनवेलच्या ट्रेकिंग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस भगव्या झेंड्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्याच भरात ठरलं की मंडळाच्या वेबपानावर रायगडाचा कालपट टाकायचा. पट्टी सरकवायची, बिंदूवर टिचकी मारायची आणि त्या वर्षी गडावर काय घडलं ते वाचायचं. काम माझ्या गळ्यात पडलं. पेशाने मी लेखापाल, त्यामुळे तक्त्यांची भीती नाही. वेबपानाचा सांगाडा लिहायचं एचटीएमएल जुजबी येतं, त्यात हालचाल आणणारं जावास्क्रिप्ट त्याहून जुजबी. एवढ्याच शिदोरीवर कुणी गावाचा, शाळेचा किंवा संस्थेचा कालपट करायला बसणार असेल तर उपयोग होईल, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

जुलैचा उरलेला महिना साधन निवडण्यात गेला. शोधलं की पहिलं नाव येतं टाइमलाइनजेएसचं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने बनवलेलं हे साधन फुकट आहे. गूगल शीटचा त्यांचा साचा उतरवून घ्यायचा, वर्ष, महिना, दिवस, मथळा, मजकूर, चित्राचा दुवा असे रकाने भरायचे, शीट ‘पब्लिश टु वेब’ करायची आणि मिळालेला तुकडा आपल्या पानात चिकटवायचा. एका संध्याकाळी पट उभा राहतो. वीसहून जास्त नोंदी ठेवू नका, असं ते स्वतःच सुचवतात आणि तो सल्ला मानावा. रकान्यात आकडे मात्र इंग्रजीच टाका. जावास्क्रिप्टसाठी देवनागरीतला १६७४ हा आकडा नसून नुसती चार चिन्हं असतात, आणि त्याला वर्ष समजून काही करायला सांगितलं की उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ‘हा अंकच नव्हे’.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी किंवा एखाद्या लेखासोबत पट हवा असेल तर इथेच थांबा, हे मी मनापासून सांगते. आम्ही थांबलो नाही त्याची दोन कारणं होती. मोबाइलवर वर मजकूर आणि खाली पट्टी, दोन्हींना जागा अपुरी पडत होती, आणि आमचे निम्म्याहून अधिक वाचक मोबाइलवरचे. दुसरं कारण मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी पहिला कच्चा पट पाहून विचारलं, “तिथी कुठेय?” तिथीचा रकाना त्या साच्यात नव्हता. मजकुरात कोंबता आली असती, पण प्रत्येक नोंदीला तिथी, शक, इंग्रजी तारीख आणि आधार अशा चार ओळी नीट मांडायच्या तर स्वतःचं पान लिहिणं सोपं, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

ऑगस्टमध्ये मी पहिलं काम केलं ते तक्त्याचं. कोडची एकही ओळ लिहिली नाही. हा क्रम पाळाच. बिंदू कसा चमकेल, पट्टी कशी सरकेल यात रमलं की तारखा मागे राहतात, आणि मग प्रत्येक तारीख बदलली की रचना हलते.

तारखांसाठी शहरातल्या जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसायचं होतं. सभासदत्वासाठी ५०० रुपये अनामत, ती परत मिळणारी. संदर्भ ग्रंथ घरी मिळत नाहीत आणि जुन्या पुस्तकांची छायाप्रत हवी तर संस्थेचं पत्र लागतं, लेटरहेडवर, शिक्क्यासह. मंडळाचा शिक्का खजिनदारांच्या कपाटात आणि खजिनदार गणपतीला गावी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत छायाप्रती नाहीत. तोवर मी वहीत उतरवून घेतलं. एक सोय कामाला आली: १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर इंटरनेटवर स्कॅन केलेलं सापडतं, त्यात रायगडावर मोठा मजकूर आहे. (नावाने गोंधळू नका. कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. ही नोंदही आम्ही पटावर घेतली.)

पहिल्या यादीत ४० च्या वर नोंदी झाल्या. त्यातून गडाशी थेट संबंध असलेल्या तेवढ्या ठेवल्या. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर त्याच वर्षी रायरी, म्हणजे आजचा रायगड, ताब्यात आली. १६७४ चा राज्याभिषेक. पाचाडला जिजाबाईंचा मृत्यू. १६८० मध्ये महाराजांचं निधन. १६८१ मध्ये संभाजीराजांचा राज्याभिषेक. १६८९ मध्ये गड मोगलांकडे. १७३३ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे. मे १८१८ मध्ये इंग्रजांचा तोफमारा आणि १० तारखेला शरणागती. १८९६ चा टिळकांच्या पुढाकाराचा उत्सव. १९९६ चा रोपवे. शेवटी २०२५. शिवजन्म शिवनेरीचा, त्यामुळे जन्मतारखेच्या वादात पडावं लागलं नाही. सुटले म्हटलं.

तेवढ्यात बुधवार निघाला.

तारखेवरून वार काढून देणं ब्राउझरला फुकट जमतं, म्हणून मी कार्डावर, म्हणजे बिंदू दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत, वारही दाखवायला लावला होता. सप्टेंबरच्या बैठकीत लॅपटॉपवर राज्याभिषेकाचा बिंदू उघडला, ‘६ जून १६७४, बुधवार’. सर चष्मा वर करून म्हणाले, “बुधवार कुठून आणलास गं? राज्याभिषेक शनिवारचा.” मी ३ एप्रिल १६८० उघडला. महाराजांच्या निधनाचा तो दिवस, चैत्री पौर्णिमा, शनिवार. ब्राउझर म्हणत होता बुधवार.

दोन्हीकडे सारखाच फरक, म्हणजे गडबड पद्धतशीर होती. उलगडा असा. आपण ६ जून म्हणतो ती तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेची आहे. सुरत-मुंबईचे इंग्रज तीच वापरायचे. राज्याभिषेकाला हजर असलेला त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेनही तीच लिहिणारा. इंग्लंडने नवी ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली ती १७५२ मध्ये. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. जावास्क्रिप्टला हा इतिहास ठाऊक नाही. ते ग्रेगरियन नियम मागे कितीही शतकं तसेच ताणत नेतं. सतराव्या शतकात दोन दिनदर्शिकांत दहा दिवसांचा फरक, त्यामुळे ६ जून १६७४ म्हणजे आजच्या हिशोबाने १६ जून. तो टाकून पाहिला, शनिवार आला. ३ एप्रिलच्या जागी १३ एप्रिल १६८० टाकला, तोही शनिवार. लेखापालाला जमाखर्च जुळल्यावर जे वाटतं ते मला त्या क्षणी वाटलं, एवढंच सांगते.

पण सर तिथे थांबणारे नव्हते. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींत, राज्याभिषेकाची नोंद ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारची आहे, तीन घटका रात्र उरली असतानाची. आणि आपण साजरी करतो ती त्रयोदशी. मग खरं काय? दोन्ही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. पंचांगाच्या दृष्टीने शुक्रवार अजून संपलेला नव्हता आणि मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्यांचा शनिवार कधीच लागला होता. आता ही गोष्ट त्या एका बिंदूच्या कार्डात चार ओळींत लिहिली आहे, आणि पानावरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं कार्ड तेच आहे.

त्यानंतर तक्त्यात एक रकाना वाढला: तारीख कुठल्या कागदातून आली. गोव्याच्या पोर्तुगिजांनी नवी दिनदर्शिका सोळाव्या शतकातच घेतली होती, त्यामुळे एकाच घटनेबद्दल गोव्याचा कागद आणि मुंबईचा कागद यांत दहा दिवसांचं अंतर दिसू शकतं. इंग्रजांचं नवं वर्षही तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. संभाजीराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. त्या काळच्या इंग्रजी कागदात तोच जानेवारी १६८० चा म्हणून सापडेल. जुन्या इंग्रजी पत्रांवरून जानेवारी ते मार्चच्या तारखा घेणाऱ्याने हे आधी तपासावं.

तिथी ब्राउझरकडून काढता येईल का, हेही पाहिलं. त्यात ‘इंडियन’ नावाची दिनदर्शिका आहे खरी. हौसेने १६ जून १६७४ दिला, उत्तर आलं ज्येष्ठ २६, शक १५९६. शक बरोबर, महिना बरोबर, पण २६ कसला? ती १९५७ पासून सरकारने वापरात आणलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे. तिच्यात शुद्ध-वद्य नाही, तिथी नाही. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख ऐकू येते ती ही. तेव्हा तिथी जंत्रीतून बघायच्या आणि हाताने भरायच्या, दुसरा मार्ग मला सापडला नाही.

तारखेचं प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, चाचणीचा दुवा नातेवाइकांना पाठवला. न्यू जर्सीहून मावसबहिणीचा निरोप: “ताई, तुझ्या पानावर राज्याभिषेक ५ जूनला का?” इथे कुणालाच ५ जून दिसत नव्हता. कारण असं की नुसती तारीख दिली, वेळ दिली नाही, तर जावास्क्रिप्ट ती ग्रीनिचची मध्यरात्र समजतं. ती मध्यरात्र आपल्याकडे पहाटेची असते, तारीख बदलत नाही. अमेरिकेत मात्र आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. भारतात बसून हा घोळ कधीच दिसणार नाही, म्हणून परदेशातल्या एखाद्या माणसाकडून पान उघडून घ्याच. उपाय सोपा आहे. दाखवायची तारीख तक्त्यातल्या दिवस-महिना-वर्ष या तीन रकान्यांतून थेट घ्यायची. ब्राउझरकडूनच घ्यायची असेल तर त्याला टाइमझोन ‘यूटीसी’, म्हणजे ग्रीनिचचाच, आहे असं बजावून सांगायचं. मराठीची निवड केली की तो आकडे आपोआप देवनागरीत देतो, तेवढं सुख आहे.

पटाची आखणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समांतर चालू होती. १६५६ ते २०२५ म्हणजे ३६९ वर्षं. पट्टी ६००० पिक्सेल लांब धरली तर एका वर्षाला सोळा पिक्सेल येतात. राज्याभिषेक आणि जिजाबाईंचा मृत्यू यांत अकरा दिवस, म्हणजे जेमतेम अर्धा पिक्सेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. तीन बिंदू एकावर एक, आणि बोटाने दाबायला गेलं की नेमका नको तो उघडतो. पट्टी लांबवून भागत नाही, कारण मग १८१८ ते १८९६ चं मैदान सरकवतानाच माणूस पान सोडून जातो.

यावर मंडळात बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, सगळे बिंदू सारख्या अंतरावर ठेव, मधली रिकामी जागा काढून टाक. मला ते पटलं नाही. १८१८ नंतर ७८ वर्षं आमच्या पटावर एकही बिंदू नाही, आणि हे वाचणाऱ्याला दिसायला हवं. सारख्या अंतराने मांडलं तर १८१८ आणि १८९६ शेजारी शेजारी वाटतात. शेवटी दोन भिंगं केली: ‘पूर्ण पट’ आणि ‘शिवकाल’. पूर्ण पटात १६७४ चा एकच मोठा बिंदू दिसतो, त्यावर ‘३’ असा आकडा. तो दाबला की शिवकालाच्या भिंगात तीनही सुटे होतात. मोबाइलवर पट उभा केला, बोट वरखाली सरकवायची सवय सगळ्यांनाच असते. तिथे मोकळा काळ आखडता घेतला आहे, पण तुटक रेघ मारून त्यावर ‘७८ वर्षं’ असं लिहिलं आहे. आडव्या पट्टीत बिंदूपाशी आपोआप अडकून थांबणारं सरकवणं ठेवून पाहिलं आणि काढून टाकलं. बोट एकीकडे, पट दुसरीकडे, असं व्हायचं.

बिंदूंचेही तीन प्रकार केले. दिवस माहीत असेल तर भरीव, फक्त वर्ष माहीत असेल तर पोकळ, आणि रायरीसारखी काही महिन्यांची अदमासे नोंद असेल तर फिकट पट्टा. पोकळ बिंदू ‘अर्धवट काम’ दिसतील, असा एक सूर होता. मी म्हटलं, दिसू देत. आधार नसलेला महिना लिहून बिंदू भरायचा आणि मग तो शंभर फॉरवर्डमधून फिरायचा, यापेक्षा पोकळ बरा.

देवनागरीबद्दल दोन गोष्टी कुठल्याच इंग्रजी शिकवणीत मिळत नाहीत. मथळ्याच्या अक्षरांत अंतर वाढवायची जी सोय असते ती मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. ‘राज्याभिषेक’ हा शब्द सुट्या सुट्या अक्षरांचे डबे जोडल्यासारखा दिसतो. आणि कार्डाची ओळ-उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरची वेलांटी आणि रफार, खालचे उकार कापले जातात. मी अक्षराच्या पावणेदोन पट ठेवली. टंक ‘मुक्त’ वापरला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या संस्थेचा. त्याचा परवाना खुला आहे, पैसे पडत नाहीत.

सरांची नजर अधू आहे, ते मोबाइलवर टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीने, ऐकतात. त्यांच्या फोनवर पट लावला तर एकही बिंदू बोलेना. बिंदू दिसायला बटण होते, पण कोडमध्ये नुसते गोल होते. खरी बटणं केली, सगळ्या नोंदी क्रमवार यादीत घातल्या, पानाची भाषा मराठी आहे हे सुरुवातीच्या ओळीत सांगितलं. ही शेवटची गोष्ट विसरली की फोन मराठी मजकूर भलत्याच उच्चाराने वाचतो. यादी केल्याचा वेगळाच फायदा झाला: जावास्क्रिप्ट चाललं नाही तरी साधी यादी दिसते. पाचाडला गडाच्या पायथ्याशी नेटवर्क रडतखडत मिळतं तेव्हा तीच उपयोगी पडते.

चित्रांबाबत थोडक्यात. शक्यतो मंडळाचेच फोटो वापरले, ज्याचा फोटो त्याच्याकडून ईमेलवर होकार घेऊन ठेवला. विकिमीडिया कॉमन्सवरून दोन घेतले. तिथे फुकट म्हणजे बेवारशी नव्हे: बहुतेक चित्रांसाठी छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा चित्राखाली द्यावा लागतो. एका सदस्याने ड्रोनचं चित्रण देऊ केलं होतं. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, परवानगीचा कागद त्याच्याकडे नव्हता, म्हणून घेतलं नाही. तो थोडा रुसला. चार-चार एमबीचे फोटो दोनशे केबीच्या आत आणले.

नोव्हेंबरात डोमेन, म्हणजे पानाच्या पत्त्याचं नाव. पान गिटहबवर फुकट राहतं, नावाचे पैसे पडतात. पहिल्या वर्षाचे साधारण ८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरल्यावर ओळखपत्राची प्रत मागितली. मी माझी दिली असती तर नाव माझ्या मालकीचं झालं असतं, म्हणून ते सचिवांच्या नावे आणि मंडळाच्या ईमेलवर घेतलं. खजिनदारांनी बिल परत पाठवलं, कारण त्यावर मंडळाचं नाव नव्हतं. दुरुस्त बिल यायला दहा-बारा दिवस गेले. संस्थेसाठी डोमेन घेताना बिलाचं नाव आधीच भरा, नंतर बदलून घेणं जिवावर येतं. नाव जोडल्यावर सुरक्षित जोडणीचं कुलूप दिसायला जवळपास एक दिवस लागला, तेवढ्यात तिघांनी ‘साइट धोकादायक आहे’ असे स्क्रीनशॉट पाठवले. अनामत सोडून, छायाप्रती धरून सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पट सर्वांसाठी खुला केला. पहिल्या आठवड्यात आलेल्या सूचनांपैकी निम्म्या ‘आमच्या गडाचाही करा’ अशा होत्या. बाकी कामाच्या. एकाने १७३३ च्या पोकळ बिंदूला महिना सुचवला. आधार विचारला तर एक व्हिडिओ पाठवला. त्यांना नम्रपणे कळवलं की छापील आधार मिळाला की लगेच बदलू, तोवर बिंदू पोकळ आहे. दुसऱ्या एकांनी विचारलं की ६ जूनला उत्सव होतो तर तुम्ही १६ जून लिहून गोंधळ का वाढवता. त्यांच्यासाठी कार्डावरचा क्रम बदलला: आधी तिथी, मग सर्वांच्या ओळखीची ६ जून, आणि ‘आजच्या दिनदर्शिकेनुसार’ असं म्हणून १६ जून बारीक अक्षरांत. कोडच्या आत मात्र १६ जूनच आहे, कारण तारखेसाठी एचटीएमएलची जी खूण असते तिला ग्रेगरियनच चालते.

तक्ता आता मंडळाच्या तिघांकडे उघडा आहे. कोणतीही तारीख बदलायची तर ‘आधार’चा रकाना भरल्याशिवाय बदलायची नाही, एवढा एकच नियम लावला आहे. डोमेनचं नूतनीकरण पुढच्या नोव्हेंबरात, दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्यापेक्षा चढा आहे. तो खजिनदारांच्या वहीत आत्ताच लिहून ठेवला आहे, मंडळाच्या नावासकट.